कोरियाची डीएमझेड बॉर्डर बघायची असेल तर: पुण्याहून जाणाऱ्यांसाठी सगळी माहिती

आजकाल पुण्यातून सोलला जाणारे बरेच झालेत, कोणी तळेगावच्या ह्युंदाईतून ट्रेनिंगला जातं, कोणी रांजणगावच्या एलजीमधून मीटिंगला, आणि उरलेले घरातल्या के-ड्रामावाल्या पोरींच्या हट्टापायी. जायचं ठरलं की प्रत्येकजण एक विचारतोच, नॉर्थ कोरियाची बॉर्डर बघता येते का हो? येते की. सोलपासून साधारण ५० किमीवर आहे, सकाळी निघून दुपारी परत येता येतं. पण वाघा बॉर्डर डोक्यात ठेवून गेलात तर तोंड पाडून परत याल, कारण इथे परेड नाही, स्टँडमध्ये बसून घोषणा देणं नाही, काही नाही. जे आहे ते बरंचसं दुर्बिणीतून दिसतं, आणि आपण काय बघतोय ते माहीत असेल तरच दिसतं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, टूर कशी बुक करायची एवढंच हवं असेल त्यांनी सरळ खाली जा.

आधी हे डोक्यात पक्कं करा

२५ जून १९५० ला युद्ध सुरू झालं आणि २७ जुलै १९५३ ला बॉर्डरवरच्या पानमुनजोम या जागी युद्धविरामावर सह्या झाल्या. शांतता करार आजतागायत झालेला नाही, म्हणजे कागदोपत्री युद्ध थांबलंय, संपलेलं नाहीये. तेव्हा जी रेघ ठरली ती साधारण २५० किमी लांबीची, आणि तिच्या दोन्ही बाजूंना २-२ किमी सोडून जो ४ किमी रुंदीचा पट्टा झाला तोच डीएमझेड, म्हणजे डिमिलिटराइज्ड झोन. शाळेत आपण ३८ अक्षांश पाठ केलेलं असतं पण आजची बॉर्डर त्या अक्षांशावर नाहीये, ती तिरकी आहे, पश्चिमेला ३८ च्या खाली उतरते आणि पूर्वेला वर चढते. केसॉंग शहर युद्धाच्या आधी दक्षिणेत होतं, आता उत्तरेत आहे. टूरमधल्या डोरा ऑब्झर्व्हेटरीवरून (उत्तरेकडे दुर्बिणीने बघायची जागा) तेच समोर दिसतं, म्हणून सांगितलं.

डीएमझेडच्या दक्षिणेला अजून एक पट्टा आहे, त्याच्या कडेला सिव्हिलियन कंट्रोल लाइन म्हणतात. तिच्या आत लष्कराच्या परवानगीशिवाय साधा माणूस जाऊ शकत नाही, पण शेती आहे, एक-दोन गावं आहेत. आपल्या टूर मुख्यतः याच भागात फिरतात. त्यासाठी वेगळा व्हिसा वगैरे काही लागत नाही, तुम्ही देश सोडत नाहीच. पासपोर्ट मात्र ओरिजिनल लागतो, झेरॉक्स नाही, मोबाइलमधला फोटो नाही, आधार कार्ड तर अजिबात नाही (हसू नका, लोक काढून दाखवतात).

जेएसएच्या मागे लागू नका

फोटोत ते निळे बुटके शेड आणि समोरासमोर उभे सैनिक बघितलेले असतात, ती जागा म्हणजे जेएसए (जॉइंट सिक्युरिटी एरिया), पानमुनजोमची. २०१८ च्या एप्रिलमध्ये उत्तरेचे किम जोंग-उन आणि दक्षिणेचे तेव्हाचे अध्यक्ष मून जे-इन तिथेच भेटले, २०१९ च्या जूनमध्ये ट्रम्प तिथूनच पाय टाकून पलीकडे जाऊन आले. १८ जुलै २०२३ ला ट्रॅव्हिस किंग नावाचा अमेरिकन सैनिक टूरमध्ये घुसून धावत उत्तरेत गेला आणि तेव्हापासून ती टूर बंद पडली, मधे थोडी सुरू झाली, परत थांबली. त्यामुळे तिच्या भरवशावर ट्रिप आखू नका. बुकिंग साइटवर निळ्या शेडचा फोटो आणि मोठ्या अक्षरात जेएसए लिहिलेलं असेल तर आत काय-काय आहे ते शब्द न शब्द वाचा, बऱ्याचदा 'जेएसएजवळ' असं काहीतरी गुळमुळीत असतं.

जेव्हा ती उघडी असते तेव्हा ड्रेस कोड कडक असतो, फाटकी जीन्स, शॉर्ट्स, बिनबाह्यांचे टॉप, चपला चालत नाहीत, लष्करी दिसणारे कपडे तर नाहीच नाही. आणि आत जाण्याआधी एका कागदावर सही घेतात की शत्रूच्या कारवाईमुळे इजा किंवा मृत्यू होऊ शकतो हे आम्हाला मान्य आहे. १९७६ च्या ऑगस्टमध्ये एका झाडाच्या फांद्या छाटण्यावरून दोन अमेरिकन अधिकारी कुऱ्हाडीने मारले गेले होते तिथे, त्यामुळे ती सही नुसती टुरिस्टना घाबरवायला ठेवलेली नाहीये.

माझं प्रामाणिक मत विचाराल तर जेएसए नाही मिळालं म्हणून हळहळू नका. बाकीचं जे आहे त्यात दिवस भरून जातो.

व्हिसा, तिकीट आणि तारीख

भारतीय पासपोर्टवर कोरियाचा टुरिस्ट व्हिसा आधी काढावा लागतो. महाराष्ट्राचं काम मुंबईच्या कॉन्सुलेटकडे असतं, बहुतेक लोक एजंटमार्फत करतात आणि ते बरं पडतं. बँक स्टेटमेंट, आयटीआर, कंपनीचं रजेचं लेटर, हॉटेल आणि रोजचा प्लॅन हे सगळं तयार ठेवा आणि किमान दीड महिना आधी कामाला लागा. व्हिसा हातात येईपर्यंत नॉन-रिफंडेबल काही बुक करू नका. पुण्याहून सोलला थेट फ्लाइट नाही, दिल्ली गाठा नाहीतर एखादा स्टॉप घेऊन जा. पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ई-अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरता येतं, फुकट आहे, त्याचे पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा.

तारखेचं मात्र नीट बघा. सोमवारी डीएमझेडच्या मुख्य जागा बंद असतात, सरकारी सुट्ट्यांनाही बहुतेक बंद. म्हणजे सोलमध्ये चारच दिवस असतील आणि त्यात सोमवार येत असेल तर बॉर्डरचा दिवस आधी ठोका, मग बाकीचं बसवा. ते सुद्धा ट्रिपच्या सुरुवातीला ठोका, कारण लष्कराने ऐनवेळी बंद केलं तर (करतात, कारणही सांगत नाहीत) पुढे एखादा दिवस हातात राहतो.

हवा हा दुसरा मुद्दा, आणि याच्याकडे कोणी लक्षच देत नाही. सगळा खेळ लांबचं दिसण्याचा आहे. जून अखेर ते जुलै तिकडचा पाऊस, तेव्हा समोर नुसतं पांढरं. मार्च ते मे दरम्यान चीन-मंगोलियाकडून पिवळी धूळ येते ती आली की तसंच. ऑक्टोबर सगळ्यात छान, आकाश स्वच्छ, थंडी सोसण्यासारखी. जानेवारीत हवा स्वच्छ असते पण पारा उणे १० च्या खाली जातो आणि ऑब्झर्व्हेटरीवरचा वारा कान कापतो, पुण्याचा स्वेटर तिथे काही कामाचा नाही.

टूर घ्यायची की आपलं आपण जायचं

तिसरा बोगदा (उत्तरेने बॉर्डरखालून खोदलेला) आणि डोरा ऑब्झर्व्हेटरी या दोन जागांना स्वतःची गाडी घेऊन किंवा चालत जाता येत नाही. एक तर सोलहून टूर घ्या, नाहीतर मुन्सानपर्यंत मेट्रो आणि तिथून बॉर्डरजवळच्या इमजिनगाकला बस किंवा टॅक्सी करून जा आणि तिथल्या काउंटरवर पासपोर्ट दाखवून शटल बसचं तिकीट काढा. दुसरा मार्ग बराच स्वस्त पडतो. पण तिकिटं रोज ठराविक आणि पहिला येईल त्याला पहिली, शनिवार-रविवारी ती सकाळीच संपतात. इंग्लिश बोलणारा गाइड मिळेलच असं नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याने टूरच घ्यावी. अर्ध्या दिवसाची टूर साधारण ५० ते ८० हजार वॉनमध्ये मिळते, आकडा बघून दचकू नका, १ लाख वॉन म्हणजे आपले सहा-साडेसहा हजार धरा.

टूर बुक करताना तीन गोष्टी विचारा: तिसरा बोगदा नक्की आहे का, डोरा ऑब्झर्व्हेटरी नक्की आहे का, आणि मधे दुकानात नेणार का. स्वस्तातल्या टूर परत येताना जिनसेंगच्या नाहीतर दागिन्यांच्या शोरूमला थांबवतात आणि पाऊण तास तिथेच जातो. थोडे जास्त पैसे देऊन हे टाळता येतं.

गाड्या लवकर निघतात, सात-आठच्या सुमाराला, होंगदे किंवा म्यॉंगडॉंगजवळून. हॉटेल त्या भागात घ्या. आणि अजून एक, गुगल मॅप्सवर तिथे चालत जायचा रस्ता नीट मिळत नाही, नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप इथूनच टाकून घ्या. याचंही मूळ उत्तर कोरियाच आहे, तपशीलवार नकाशे देशाबाहेर न्यायला सरकार वर्षानुवर्षं सुरक्षेचं कारण देऊन नकार देत आलं.

आदल्या दिवशी: वॉर मेमोरियल

जमलं तर आदल्या दिवशी योंगसानच्या वॉर मेमोरियलला जाऊन या, सामगाकजी स्टेशनला उतरायचं, प्रवेश फुकट, सोमवारी हेही बंद. युद्धात मदत केलेल्या देशांमध्ये भारताचं नाव सापडेल, वैद्यकीय मदतीसाठी. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांची ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स १९५० मध्येच तिकडे पोचली होती.

पण मराठी माणसाने माहीत करून घ्यावं असं प्रकरण पुढचं आहे. युद्ध थांबल्यावर हजारो कैदी होते ज्यांना आपापल्या देशात परत जायचं नव्हतं, यूएनच्या ताब्यातलेच साधारण २२,६००. त्यांना कोणी सांभाळायचं यावर भांडण अडलेलं, शेवटी तटस्थ म्हणून भारतावर काम आलं. या कामासाठी नेमलेल्या तटस्थ देशांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि कैद्यांची राखण करणाऱ्या भारतीय फौजेचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, म्हणजे कोल्हापूरकडच्या वडगावचे शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री भारतावर इतके खार खाऊन होते की भारतीय सैनिकांना आपल्या जमिनीवर पाऊल ठेवू देणार नाही म्हणाले, मग अमेरिकनांनी जहाजावरून हेलिकॉप्टरने आपली माणसं थेट डीएमझेडमध्ये नेऊन उतरवली. तिथे तंबूंची वसाहत उभी राहिली तिचं नाव हिंद नगर. कैद्यांनी एका भारतीय मेजरला आत डांबून ठेवलं तेव्हा थोरात स्वतः त्या तारेच्या आत, चवताळलेल्या जमावात गेले आणि त्याला सोडवून आणलं. शेवटी ज्यांना दोन्हीकडे जायचं नव्हतं असे ८८ जण १९५४ मध्ये आपल्या फौजेबरोबर भारतात आले. टूरमधला गाइड हे बहुतेक सांगणार नाही, तुम्ही मात्र समोर पानमुनजोमची दिशा दाखवली की घरच्यांना सांगा.

प्रत्यक्ष दिवस

बहुतेक टूर आधी इमजिनगाकला थांबते. हा भाग कंट्रोल लाइनच्या बाहेर आहे त्यामुळे लोक मोकळेपणाने फिरतात, आणि थोडं चमत्कारिक वाटतं, कारण एका बाजूला काटेरी तार, तिच्यावर हजारो रंगीत रिबिनी बांधलेल्या, आणि जवळच मुलांच्या पाळण्यांचा पार्क, त्यातल्या जहाजावर पोरं किंचाळतायत. गाइड वीस-पंचवीस मिनिटं देतो आणि लोक ती कॉफीच्या लाइनीत घालवतात. तसं करू नका. तिथे एक गंजलेलं रेल्वे इंजिन आहे, जांगदान स्टेशनवर युद्धात अडकलेलं, गोळ्यांची हजाराच्या वर भोकं. जवळ जाऊन बघा, पत्रा कुठे आत वळलाय, कुठे बाहेर फाटलाय, काही भोकांतून बोट आरपार जाईल एवढी (लावू मात्र देत नाहीत). मग फ्रीडम ब्रिज, १९५३ मध्ये १२,७७३ कैदी यावरून परत आले. आणि मांगबेदान नावाचं दगडी वेदीसारखं बांधकाम. उत्तरेत घर राहिलेली माणसं नवीन वर्षाला आणि छुसॉकला (सुगीचा सण) इथे येऊन उत्तरेकडे तोंड करून पूर्वजांना नमस्कार करतात, ताट मांडतात. गावाला जाता येत नाही, कबरींपर्यंत पोचता येत नाही, म्हणून इथूनच. एखादा म्हातारा माणूस तिथे उभा दिसला तर कॅमेरा खाली ठेवा, एवढं तरी करा.

मग बस युनिफिकेशन ब्रिजवर येते आणि थांबते. इथे सैनिक बसमध्ये चढतो, वीस-एकवीस वर्षांचा पोरगा, कारण तिकडे तरुणांना दीड वर्षाच्या आसपास सक्तीची लष्करी सेवा आहे. एकेकाचा पासपोर्ट बघतो, फोटो बघतो, तोंड बघतो. टोपी-गॉगल काढून ठेवा, पासपोर्ट फोटोच्या पानावर उघडून हातात धरा, व्हिडिओ बिलकुल नाही. बसमधला सगळ्यात बडबड्या माणूस पण इथे गप्प होतो. याच पुलावरून १९९८ मध्ये ह्युंदाईचे संस्थापक चुंग जू-युंग ट्रकांत गाई भरून उत्तरेत गेले होते, जूनमध्ये ५००, ऑक्टोबरमध्ये ५०१. ते मूळचे उत्तरेतले, लहानपणी बापाने गाय विकून आणलेले पैसे उचलून घरातून पळालेले, आणि म्हातारपणी एकाच्या हजार एक करून परत दिल्या.

तिसरा बोगदा. १९७८ मध्ये सापडला, उत्तरेने खोदलेला, १,६३५ मीटर लांब, २ मीटर रुंद, २ मीटर उंच, जमिनीखाली साधारण ७३ मीटर. असे एकूण चार सापडलेत, शेवटचा १९९० मध्ये. उत्तरेने हा कोळशाच्या खाणीसाठी खोदला असं सांगितलं आणि भिंतींना काळं फासलं, पण खडक ग्रॅनाइट, कोळशाचा पत्ता नाही. ते काळं फासलेलं अजून दिसतं, बोट लावायचा मोह होतो. फोन-कॅमेरा बाहेर लॉकरमध्ये, डोक्याला हेल्मेट, आणि ते नीट आवळा कारण छत खाली येतं आणि टणाटण आवाज येत राहतात सगळ्यांचे. जाण्याचा उतार ३५८ मीटरचा आहे, सरळ खाली, खाली जाताना मजा, वर येताना छाती भरून येते. रोज पर्वती चढणाऱ्याला काही वाटणार नाही, पण आई-बाबांना गुडघ्याचा, बीपीचा किंवा दम्याचा त्रास असेल तर त्यांना वरच थांबवा, वर छोटं म्युझियम आहे. काही वेळा मोनोरेल मिळते पण ती चालूच असेल असं धरून चालू नका. बंद जागेत घाबरणाऱ्यांनी पण विचार करा, मधे मागे फिरायला जागा फार नाही, समोरून परतणारी लाइन अंगाला घासत जाते.

डोरा ऑब्झर्व्हेटरी म्हणजे सगळ्याचं सार. दुर्बिणी आहेत, एका माणसाला जास्त वेळ धरून ठेवू नका, मागे लाइन असते. काय शोधायचं ते आधी ठरवा. उत्तरेच्या किजॉंगदॉंग गावातला १६० मीटर उंचीचा झेंड्याचा खांब, आणि त्याच्यासमोर दक्षिणेच्या देसॉंगदॉंग गावातला जवळपास १०० मीटरचा, दोघांनी चढाओढीत वाढवत नेलेले. मग केसॉंगच्या औद्योगिक वसाहतीच्या इमारती, २००४ पासून दक्षिणेच्या कंपन्या तिथे उत्तरेच्या कामगारांकडून माल बनवून घ्यायच्या, २०१६ मध्ये बंद पडली. तिथलंच दोन्ही देशांचं संपर्क कार्यालय उत्तरेने १६ जून २०२० ला उडवून दिलं. हवा साफ असेल तर शेतात माणसं, सायकली दिसतात. आणि डोंगर बघा: उत्तरेकडचे बोडके, झाडं तोडून जळणाला गेलेली, अलीकडचे हिरवेगार. मला विचाराल तर नकाशापेक्षा हेच पटकन कळतं. फोटो गाइड सांगेल त्याच बाजूला काढा, लष्कराच्या चौक्या फ्रेममध्ये नकोत. ड्रोन तर सोलच्या हॉटेलातसुद्धा बॅगेतून काढू नका.

काही टूरमध्ये डोरासान स्टेशनही असतं, चकाचक, पाटीवर प्योंगयांगची दिशा, आणि पुढे गाडी जात नाही. तिथे आठवणीसाठी शिक्का मारायला ठेवलेला असतो, तो वहीवर मारा, पासपोर्टवर चुकूनही नको, पुढे एखाद्या इमिग्रेशनला विनाकारण उत्तरं द्यावी लागतील.

आणि रस्ता सोडून गवतात जाऊ नका, नैसर्गिक कारणासाठीसुद्धा. लाल त्रिकोणी पाट्या लटकलेल्या दिसतात त्या भूसुरुंगाच्या आहेत, पुरात सुरुंग वाहून भलतीकडे जातात त्यामुळे तारेच्या अलीकडेसुद्धा शहाणपण दाखवायचं नाही.

खायचं काय

शाकाहारी असाल तर बॉर्डरवर हाल आहेत. या भागातलं जांगदान सोयाबीन प्रसिद्ध आहे, त्याचं टोफू, सोया आइस्क्रीम मिळतं, आइस्क्रीम बिनधास्त खा. टोफूच्या रश्श्यात मात्र बहुतेक मासळीचा अर्क असतो. बिबिमबाप मांस आणि अंडं काढून मागता येतो. सगळ्यात सोपं म्हणजे पिशवीत बाकरवडी आणि दशम्या ठेवा, फक्त मांसाचं काही आणि ताजी फळं कोरियात नेऊ नका, कस्टम्सला काढून घेतात आणि दंडही करतात.

टूर नको असेल, किंवा सोमवार आडवा आला तर

गिम्पोचा एगिबॉंग पार्क बघा. नदीपलीकडे उत्तर कोरिया दीडेक किलोमीटरवर, गावं-शेतं दुर्बिणीतून स्पष्ट दिसतात, आणि २०२४ च्या नोव्हेंबरपासून तिथे चक्क स्टारबक्स आहे, कॉफी पीत उत्तर कोरिया बघायचा. हे कोणाला गंमत वाटतं, कोणाला विचित्र, मी दुसऱ्या गटात. पासपोर्ट इथेही लागतो, चेकपोस्ट आहे, आणि हाही पार्क सोमवारी बंद असतो हे धरून चला. पाजूची ओदुसान ऑब्झर्व्हेटरी अजून सोपी, कंट्रोल लाइनच्या बाहेर असल्यामुळे बराच ताप वाचतो, लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर मी हीच सुचवीन. पक्षी बघणाऱ्यांनी हिवाळ्यात चॉरवॉनला जावं, माणूस नसलेल्या त्या पट्ट्यात लाल डोक्याचे क्रौंच उतरतात, पण ते सोलहून लांब पडतं, पूर्ण दिवस काढा.

खुद्द सोमवारीच मोकळे असाल तर इमजिनगाकचा बाहेरचा भाग उघडा असतो, इंजिन, ब्रिज, मांगबेदान सगळं बघून होतं. फक्त जायच्या आदल्या रात्री एकदा बातम्या बघा. २०२४ मध्ये उत्तरेकडून कचऱ्याचे फुगे येत होते आणि त्याच ऑक्टोबरमध्ये त्यांनी दक्षिणेला जोडणारे रस्ते आपल्या बाजूने उडवले, असं काही चालू असेल तर टूर रद्द झाल्याचा मेसेज सकाळी सहालाही येऊ शकतो, म्हणून बुकिंग करताना रिफंडची अट वाचून घ्या आणि फोन चालू ठेवून झोपा.